दोन ब्रँड, एक रिंग

१ जून, सकाळी ७
निर्णय पक्का. आपल्या कुस्ती-शोचे दोन ब्रँड करायचे. दहा पैलवान. पाच लाल, पाच निळे. लाल शनिवारी, निळा रविवारी.
फायदे: १. एकाऐवजी दोन चॅम्पियन. २. मागे पडलेल्यांना संधी. ३. आपापसात निकोप स्पर्धा. इतकी साधी गोष्ट नऊ वर्षांत कुणाला सुचली नाही. अर्थात इथे डोकं माझं एकट्याचंच चालतं.
निळा ब्रँड बायकोकडे दिला. नऊ वर्षं सगळ्यांचे कपडे शिवते, दारावर तिकिटं फाडते, तेवढं जमेल तिला. तिने विचारलं, निळ्यात कोण जिंकणार कोण हरणार हे कोण ठरवणार? (आमच्यात निकाल आधी ठरतात. पडणं मात्र खरं असतं.) मी उदारपणे म्हणालो, तूच. तिने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. भारावली असावी.

४ जून
जेवणाच्या टेबलावर वाटणी. पहिली निवड माझी, मालक म्हणून. लोक ज्यांना टाळ्या वाजवतात ते सगळे उचलले: वीज, गरुड, हसरा आणि जुळे भाऊ. तिने घेतले कसाई, विंचू, खुनशी आणि काळा मास्क. लोक ज्यांना शिव्या घालतात ते. शेवटी उरला पोस्टमन. एरवी खरंच टपाल वाटतो. नऊ वर्षांत एकही कुस्ती जिंकलेला नाही, कारण मी जिंकू दिलेलं नाही. तो म्हणे तिला हवाच होता. कीव आली, पण दाखवली नाही.
नियम लिहिला: इकडचा पैलवान तिकडे जाणार नाही, उसनासुद्धा नाही. दोघांच्या सह्या.

७ जून, शनिवार
लालचा पहिला शो. वीज विरुद्ध गरुड. दोघांनी हात मिळवले. मग कुस्ती. मग पुन्हा हात मिळवले. तिसऱ्या रांगेतल्या एकाने ओरडून विचारलं, शिव्या कुणाला घालायच्या? अडाणी प्रश्न. सभ्यपणा हीच लालची ओळख.

८ जून
खांबाआड उभा राहून निळा पाहिला. चौघांनी मिळून पोस्टमनला बडवलं. एका आजीबाईंनी कसाईला चप्पल फेकून मारली. बेशिस्त. हिला हे झेपणार नाही.

१३ जून
हॉलचा मॅनेजर म्हणाला, जुलैपासून आठवड्यात एकच दिवस मिळेल. ज्याच्या खुर्च्या जास्त भरतील त्याला. उत्तम. फायदा क्रमांक ३.

१४ जून
लालला एक व्हिलन हवा, एवढंच. वीजला म्हटलं, तू वाईट हो. म्हणाला, माझी मुलगी शो बघायला येते. मग जुळ्यांपैकी एकाला सांगितलं, भावाला पाठीमागून मार. त्याने मारलं. पहिल्या रांगेतून त्यांची आई उठली, थेट रिंगमध्ये चढली, आणि दोघांना दंडाला धरून घरी घेऊन गेली. शो लवकर आटोपला.

१६ जून
बायकोकडे कसाई एका शनिवारपुरता उसना मागितला. तिने नियमाचा कागद आणून पुढ्यात ठेवला. माझीच सही. कागद फारच चोख लिहिला आहे, यात वाद नाही.

२२ जून
काल लाल: ३१ खुर्च्या, त्यात नातेवाईक अकरा. आज निळा: लोक भिंतीला टेकून उभे. उभी माणसं खुर्च्यांत धरत नाहीत, हे मॅनेजरला सांगायचं.
बायको हल्ली टेबलावर पेन्सिल घेऊन बसते. स्वतःशी हसते, खोडते, पुन्हा लिहिते. मी आलो की वही मिटते. नऊ वर्षं मला वाटत होतं हिला बटणं लावायला आवडतं. का कोण जाणे, वाईट वाटलं.

२९ जून, रविवार
मॅनेजरच्या निकालाआधीचा शेवटचा शो: लाल विरुद्ध निळा, एकत्र. हॉल फुल्ल. कुस्तीआधी मी माइक घेतला आणि ब्रँड वेगळे करण्याचे फायदे सांगू लागलो. दुसऱ्या मुद्द्यालाच हुर्यो. मी म्हणालो, तुम्हाला कुस्तीतलं काही कळत नाही. हॉल दणाणला. पोस्टमन जवळ येऊन अदबीने म्हणाला, साहेब, आता खाली उतरा. मी माइकवरून जाहीर केलं की हा जन्मभर हरणारा माणूस आहे आणि मी आहे तोवर हरतच राहील.
त्याने मला उचललं. मला पडता येत नाही, हे हवेत असताना आठवलं.
माझे खांदे जमिनीला टेकलेले, पंचाने मोजलं: एक, दोन, तीन. पोस्टमन जिंकला. लोक खुर्च्यांवर चढून रडत होते. मॅनेजरही. माझे लाल पैलवानसुद्धा टाळ्या वाजवत होते.

३० जून, दुपारी
कंबर शेकतोय. मॅनेजरने दिवस निळ्याला दिला. बायको म्हणाली, लालचे पाचही जण ठेवते, जुळ्यांच्या आईंना विचारून. आणि मलाही. व्हिलन म्हणून, नाव 'मालक'. दर आठवड्याला हरायचं. मी विचारलं, हे कोण ठरवणार? ती म्हणाली, मीच.
मी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. भारावलो नव्हतो.
मग तिने टेप काढली, पोशाखासाठी. मी पोट आत घेतलं. ती म्हणाली, सोडा हो, लोकांना तेच आवडलंय.