निवट्यांना विचारलं का?

मोठागाव, डोंबिवली पश्चिम
शुक्रवार, दुपार

प्रिय सखाराम,

आधी कामाचं बोलते, मग भांडते. तुझ्या कथेची प्रुफं या पत्रासोबत आहेत. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, मंगळवारी सकाळी मशीनवर चढणार. बाकी अख्खा अंक छापून झाला, गठ्ठे बांधायची सुतळीसुद्धा आली, तेवढी ही सोळा पानं अडलीत. ती मी अडवलीत. आपली संपादक स्वप्ना ठाण्याहून दिवसातून चार वेळा फोन करते आणि दर वेळी फार गोड आवाजात माझ्या तब्येतीची चौकशी करते. मीही तितक्याच गोड आवाजात सांगते की तब्येत ठणठणीत आहे, लेखकाला एक शंका विचारायची राहिली आहे.

तुला फोनवरच विचारलं असतं. पण हल्ली तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेज केला की जोडलेले हात पाठवतोस. परवा मी विचारलं जेवलास का, तर जोडलेले हात. पाठ कशी आहे, तर जोडलेले हात. अरे, मी काय तुझ्या दारात मतं मागायला आलेय? म्हणून हे पत्र. पत्राला नुसते हात जोडून भागत नाही, चार ओळी खरडाव्या लागतात.

बत्तीस वर्षं मी प्रुफं तपासतेय. माझा नियम तुला पाठ आहे, चार लोकांत सांगून तूच माझी चेष्टा करतोस. लेखकाच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही. शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं, त्याभोवती गोल करायचा आणि पान लेखकाकडे धाडायचं. मागे तुझा एक सेनापती सातव्या पानावर मेला होता आणि एकोणिसाव्या पानावर चहा पीत बसला होता. मी प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. तू बेधडक उत्तर दिलंस की एवढ्या वर्षांनंतर विज्ञान तेवढं पुढे गेलेलं असणार. मी गुपचूप छापू दिलं. वाचकांना तो प्रसंग भारी आवडला, ते सोड.

यंदाचं प्रश्नचिन्ह पान एकशे एकोणसाठवर आहे. पण तिथे जाण्याआधी निवट्यांबद्दल बोलू दे, कारण त्यांच्यावर माझा हक्क आहे. आठवतं ना, ठाण्याच्या कॉलेजातलं आपलं दुसरं वर्ष आणि ते भित्तिपत्रक? तू विठ्ठलवाडीहून यायचास, प्रयोगशाळेच्या वहीत मागच्या बाजूने गोष्ट लिहायचास. सव्वा लाख वर्षांनंतरची गोष्ट, माणसं आकाशगंगाभर पसरलेली, आणि परग्रहावरची जात कशी दिसावी हे काही केल्या तुला सुचेना. तू त्यांना डोक्यावर अँटेना लावले होतेस. माझं अक्षर बरं म्हणून गोष्ट उतरवायला माझ्याकडे आलेली, मी इतकी हसले की शाई सांडली. मग एका रविवारी ओहोटीला तुला इथे खाडीवर आणलं आणि निवट्या दाखवल्या. बोटाएवढा मासा, पण पाणी ओसरलं की खुशाल चिखलावर चालतो, डोळे टाळूवर, आणि मान न वळवता सगळीकडे बघतो. तू पँट दुमडून तासभर गुडघाभर चिखलात उभा. तुझी एक चप्पल त्या दिवशी गेली ती अजून खाडीतच आहे.

वर आलास तर आईने ताट वाढलेलं. कालवण निवट्यांचंच होतं. तू ताटाकडे बघत बसलास आणि म्हणालास की आता यांना कसं खाऊ, हे माझे नायक आहेत. आईला वाटलं पोराचा उपास आहे, तिने तुला दोन केळी दिली. तेव्हापासून विश्वातली सगळ्यात शहाणी जात आमच्या डोंबिवलीच्या खाडीतली आहे, आणि हे गुपित आजवर मी, तू आणि लग्नानंतर तुझी हेमांगी सोडून कोणाला ठाऊक नाही.

काय काय केलंस रे तू त्यांचं! सत्तावीस कथा. आधी माणसांशी लढाई, मग तह, मग तहातून भांडणं, मग एकमेकांची भाषा शिकता शिकता झालेली ती फजिती. माणसांनी निवट्यांना गायला शिकवलं आणि निवट्यांनी माणसांना ओहोटीत थांबायला शिकवलं. प्रत्येक कथा हेमांगी पहिली वाचायची आणि मी दुसरी. तुझी हस्तलिखितं हा तर वेगळाच खजिना. कोरा कागद वापरायचा म्हणजे तुझ्या जिवावर येतं. आधी कंपनीच्या लॅबमधले रद्द झालेले रिपोर्ट, निवृत्त झाल्यावर विजेची बिलं, लग्नपत्रिका, हेमांगीच्या वाणसामानाच्या याद्या. पुढच्या बाजूला तारे विझतायत आणि मागे अर्धा किलो शेंगदाणे. मी दोन्ही बाजू वाचते, ही माझी जुनी खोड आहे. तुमच्या घरात काय शिजतं, कोणाचं लग्न ठरलं, तुमच्या लेकाला, ऋतुराजला किती टक्के पडले, मला सगळं तुझ्या कथांच्या पाठीवरून कळत आलंय.

हेमांगी गेली त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तुझ्या घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो आहे ना, त्यात ती काहीतरी टोमणा मारायच्या बेतात असल्यासारखी दिसते. मला तिची फार आठवण येते, सखाराम. तुझ्यासमोर कधी बोलले नाही, तुला त्रास होईल म्हणून. आता वाटतं, चुकलं माझं, दोघांनी बसून रडायला हवं होतं.

आता पान एकशे एकोणसाठ. विश्वातला शेवटचा तारा उरलाय. त्याच्या उबेला निवट्यांनी चिखलाचं मोठं छान जग वसवलंय, भरती-ओहोटीसकट. तिथे माणसांचं शेवटचं जहाज येतं, चारशे बारा माणसं आणि एक म्हातारा कप्तान. इथपर्यंत काय लिहिलंयस! ते चिखलातले दिवे लांबून दिसतात तिथे माझा चष्मा ओला झाला, हे कबूल करते. आणि मग तुझा कप्तान काय करतो? आपल्यामुळे यांची ऊब कमी पडेल असा स्वतःच हिशेब मांडतो, कोणालाही न उठवता जहाज वळवतो आणि अंधारात निघून जातो. कोणावर भार होऊ नये म्हणून. तुझं शेवटचं वाक्य असं की माणूस अखेरपर्यंत स्वाभिमानाने राहिला. खाली जाड अक्षरात समाप्त.

तिथे मी गोल करून लिहिलंय, निवट्यांना विचारलं का?

अरे, युगायुगांची ओळख! ज्यांना गायला शिकवलं त्यांच्या दारापर्यंत येऊन हाक न मारता परत जायचं? बरं, निवट्या सकाळी उठून आकाशात बघणार तर जहाज नाही. त्यांना काय वाटेल याची एक ओळ नाही तुझ्या कथेत. तो स्वाभिमान वगैरे मला सांगू नकोस. याला आमच्याकडे रुसून बसणं म्हणतात.

तुला आमच्या मोरूकाकाची गोष्ट कधी सांगितली का? बाबांच्या होडीवर तो पंचवीस वर्षं होता. होडी आली की म्हावऱ्याचे वाटे पडायचे, एक होडीचा, एक जाळ्याचा, मग प्रत्येक माणसाचा. आणि आई, सगुणाबाई, सगळ्यात आधी एक टोपली बाजूला काढायची, जो त्या दिवशी येऊ शकला नाही त्याची. एका वर्षी मोरूकाका तापाने झोपला तो महिनाभर. पहिल्या आठवड्यात त्याने टोपली घेतली, नंतर दार लावून घेतलं. काम केलं नाही तर वाटा कसला, म्हणे, आणि आतून कडी. आईने काय करावं? टोपली त्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की मी ही परत नेणार नाही, म्हावरं कुजलं तर वास तुझ्या घराला सुटेल. सगळ्या बाया दारात गोळा झाल्या. अर्ध्या तासाने मोरूकाका लुंगी सावरत बाहेर आला, टोपली उचलली आणि आईला चार शिव्या दिल्या. बरा झाल्यावर तो वीस वर्षं आमची जाळी विणत होता. आई म्हणायची, वाटा काढणारा काही उपकार करत नाही. त्याला चार माणसं आपली हवी असतात, म्हणून तो काढतो. आणि आपण दार लावलं की त्यालाच आपण परकं केलं.

सव्वा लाख वर्षांनंतर माणसाचं काय होणार हे मला विचारशील तर मला एवढंच ठाऊक आहे. माणूस जिंकतो की हरतो याचं मला फारसं काही नाही. कुठेतरी चिखलात कोणी त्याची टोपली बाजूला काढून ठेवली असेल, तर त्याने मुकाट्याने दार उघडावं.

इथली खबर म्हणशील तर खाडीवरच्या नव्या पुलाने ठाणं जवळ आलंय, स्वप्नाची गाडी अर्ध्या तासात येते आणि माझ्या डोक्यावर बसते. पाणी पूर्वीचं राहिलं नाही, निवट्या कमी झाल्यात. पण काल ओहोटीला मुद्दाम पुलाखाली जाऊन उभी राहिले, तर अकरा दिसल्या. एक तर थेट माझ्याकडे बघत होती. तुझी चौकशी करत असावी.

आता खरं सांगते. पान एकशे एकोणसाठ तपासताना सवयीने तुझा मूळ कागद उलटला. मागे वाणसामान नव्हतं. बदलापूरच्या पुढच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाचा फॉर्म होता, एक रकाना चुकला म्हणून तू टाकून दिलेली प्रत. तुझं नाव, वय सदुसष्ट. प्रवेशाचं कारण, कोणावर भार होऊ नये म्हणून. तुझ्या कप्तानाचेच शब्द, काना-मात्रेचा फरक नाही. मी ऋतुराजला सहज फोन केला, इकडचं तिकडचं बोलले, बिचाऱ्याला पत्ताच नाही. अरे, तुला तिथे सोबत मिळणार असेल, गप्पांना माणसं हवी असतील, तर खुशाल जा, तुझी बॅग मी उचलेन. पण विचारून जा. रात्रपाळीतल्या चोरासारखा जहाज वळवून जाऊ नकोस. त्याच फॉर्मवर खाली एक रकाना होता, तातडीच्या वेळी कोणाला कळवावे, आणि तिथे तू लिहिलं होतंस, कोणी नाही. कथेचा शेवट तुझा आहे. तू म्हणशील तसा छापीन, एक अक्षर बदलणार नाही. पण बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी लेखकाच्या मजकुरात हात घातलाय, तोही पेन्सिलीने नाही, शाईने. ते कोणी नाही खोडून तिथे माझं नाव आणि फोन नंबर लिहिलाय. फॉर्म सोबत जोडलाय, बघ. शेजारी नातं असा रकाना होता, तिथे काय लिहावं याचा पाऊण तास विचार केला आणि लिहिलं, निवटी. रविवारी एक वाजता ये. कोळंबीचं कालवण आहे, तुझे नायक नाहीत. तुझा वाटा काढून ठेवतेय. नाही आलास तर डबा घेऊन विठ्ठलवाडीला तुझ्या इमारतीखाली उभी राहीन, आणि मी सगुणाबाईची मुलगी आहे, माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत आरामात पोचतो.

तुझीच,
मंजुळा