सलीमने बॅट टाकली

हूरा, मंगळवार, मे १९९६

काल आमच्या सलीमचं अमेरिकेहून पत्र आलं. आत त्याच्या कॉलेजच्या पेपरातलं कात्रण. याने शेवटी फटका मारला आणि कॉलेज जिंकलं. फोटोत तो धावतोय, दोन्ही हात रिकामे, बॅट मागे मातीत पडलेली.

सलीमच्या आईने, रुकय्याने, फोटो बघून पहिलं काय विचारलं? "बॅट टाकलीन कशाला? मोडली काय?"

हिला काय सांगू. मी इथे आखातात अमेरिकन शाळेत क्लार्क, म्हणून पोराला तिथे प्रवेश मिळाला. तिथे बेसबॉल. फटका मारला की बॅट टाकून पळायचं. आणि हा वर्षभर बॅट घेऊनच पळायचा. कोच ओरडायचा, पोरं हसायची. मी प्रत्येक मॅचला कुंपणाशी मान खाली घालून उभा. कारण हूऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर याला क्रिकेट मीच शिकवलं होतं. धावताना बॅट सोडायची नाही, क्रीजमध्ये आधी तीच पोचते. कोचला हे कधी बोललो नाही. का नाही बोललो? लाज, दुसरं काय.

आज कात्रण घेऊन कोचकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्याने फोटोतल्या त्या रिकाम्या हातांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी तुझ्याशीच भांडत होतो."

हो. आणि मी हरलो, खलास. अख्ख्या ऑफिसला हलवा वाटला.