रेशीमच्या गाठी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७
ही काल भावाकडे गेली. हवापालट म्हणून. बॅगा मात्र चार. तिकडे रंगकाम चालू आहे, त्यामुळे कुत्री माझ्याकडे. जाताना म्हणाली, रंगकाम संपलं की येते, तोवर रेशीमला रोज विंचरा, एवढं एक तरी करा. 'एक तरी' हे उगाच. सव्वीस वर्षांच्या संसारात मी काय काय केलं त्याची यादीच करणार आहे.
निश्चय: रोज पंधरा मिनिटं ब्रश. ही परत येईल तेव्हा रेशीमचे लांब केस पाहून थक्क झाली पाहिजे. बाटल्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं काचेतले बुडबुडे हुडकतोय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

मंगळवार, ४ मार्च
ब्रश सापडला नाही.

बुधवार, ५ मार्च
सापडला. रेशीमच्याच खणात होता. तिथे कोण बघणार? पाठ विंचरली. छान दिसते. पोटाकडे हात नेला की गुरगुरते. पोट कोणाला दिसतंय!

शनिवार, ८ मार्च
कानामागे एक गाठ. किरकोळ. केसांनाही विश्रांती लागते. हिला मेसेज केला, रेशीम मजेत. हिचं उत्तर, डोळे रोज पुसता ना? डोळेही पुसायचे असतात हे आधी सांगायला नको?

मंगळवार, ११ मार्च
गाठी सहा. आज कारखान्यात उशीर झाला. उद्यापासून पंधराऐवजी तीस मिनिटं.

रविवार, १६ मार्च
आंघोळ घातली. पाण्यानं गाठी सैल होतील असा हिशेब होता. हिचं कंडिशनर अर्धी बाटली ओतलं. वाळल्यावर सगळ्या गाठी एकमेकींना मिळाल्या. आता एकच आहे. म्हणजे संख्या घटली.
रेशीम सोफ्याखाली जाऊन बसली. मी फरशीवर आडवा होऊन तासभर समजूत काढली. हिच्याशी सलग इतका वेळ कधी बोललो होतो, आठवत नाही.

बुधवार, १९ मार्च
कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. पार्लरवाल्या बाईनं चाचपून पाहिलं. म्हणाली, काका, आधी गुंता सोडवायचा, मग आंघोळ. पाण्यानं गाठी आवळतात. आता मशीन फिरवून सगळं काढावं लागेल.
मी म्हटलं, अहो, बायको यायचीय माझी, केस काढून कसं चालेल? घरीच सोडवीन.
ती म्हणाली, कातडी ओढली जाते हो, दुखत असेल तिला.
म्हटलं, दुखलं असतं तर सांगितलं नसतं का तिनं?
बाईनं पुढच्या कुत्र्याला टेबलावर घेतलं. निरुत्तर केलं.

शुक्रवार, २१ मार्च
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, दाजी, रंगकाम आटोपलं, ताई रविवारी येतेय. मी म्हटलं, अरे वा! तो म्हणाला, रेशीमचं सामान एका जागी काढून ठेवा. काढायचं कशाला? खणात बरं आहे की.
उद्याची कामं: पडदे धुणे, घर आवरणे, दाढी, गाठी.

शनिवार, २२ मार्च
रेशीम सकाळपासून उठेना. हात लावला की कळवळते. डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी मशीन फिरवलं. केस अख्ख्या कोटासारखे निघाले. खाली काखेत, कानामागे लाल चट्टे. पोटाशी जखम. डॉक्टरांनी विचारलं, एवढं होईपर्यंत दिसलं नाही तुम्हाला? म्हटलं, वर केस होते ना.
आतून रेशीम एवढीशीच निघाली. थरथरत होती. अंगातला शर्ट काढून तिला गुंडाळलं आणि बनियनवर घरी आलो. पूर्वीसारखे केस यायला वर्ष लागेल म्हणे. डॉक्टर लोक वाढवून सांगतात.

रविवार, २३ मार्च. दुपारी ३
ही आली. आधी रेशीमला ओळखलंच नाही. मग खाली बसली, तिला उचलून घेतलं आणि रडली. मी म्हटलं, उन्हाळ्यात हलकं वाटतं तिला. हिनं मलम मागितलं.
चहा टाकला. विचारलं, तुझ्या बॅगा खाली राहिल्या का, आणतो. म्हणाली, बॅगा कशाला? मी रेशीमला न्यायला आलेय.
पण तू म्हणालीस, येते.
"आले ना," ही म्हणाली. अगदी हळू आवाजात. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे.
जाताना रेशीमनं मागे वळून पाहिलं नाही. हिनं पाहिलं, गॅसकडे. म्हणाली, चहा उतू जातोय.

संध्याकाळी ६
रेशीमच्या लसींचं पुस्तक टीव्हीवरच राहिलंय! घाईत विसरली. त्याशिवाय पुढचं इंजेक्शन होणार नाही. म्हणजे यावंच लागेल. पडदे उद्या नक्की.

साडेसहा
हिचा मेसेज. पुस्तकाचा फोटो काढून पाठवा, तेवढ्यावर भागेल.
पहिला फोटो हलला. दुसरा स्वच्छ आला. पाठवला.