ओम्नीच्या टपावरचं ऊन

२९ मार्च, सकाळी ६.४०
पॅनेल आलं. शंभर वॅट, लवचिक. वजन दोन किलो शंभर ग्रॅम (गिरणीच्या काट्यावर, पोत्याशिवाय). लांबी वेबसाइटवर १०५० मिलिमीटर दिली होती, टेपने १०४७ भरली. उरलेले तीन मिलिमीटर कुठे गेले, असा मेल कंपनीला टाकला आहे.

लडकूचं म्हणणं, काचेचं पॅनेल घ्यायला हवं होतं. लडकू म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ. आयटीआयचा वायरमन. सर्टिफिकेटला फ्रेम करून ते देवघराच्या वर टांगलंय. मी सव्वीस वर्षं धसईची भातगिरणी चालवतो, तिची मोटर तीनदा स्वतः वाइंड केली. सर्टिफिकेट नाही. जो स्वतःच स्वतःचा गुरू, त्याला सर्टिफिकेट कोण लिहून देणार?

संकल्प: २० मेच्या आत आपली जुनी ओम्नी ही कॅम्पर व्हॅन झाली पाहिजे. मागच्या सीट काढल्या. तिथे फळी, वर गादी. पंखा बारा व्होल्टचा, फ्रीज बारा व्होल्टचा. सगळं उन्हावर. लॉज नको, बुकिंग नको, कोणाची मेहेरबानी नको.

५ एप्रिल
योजना सौ.ला समजावून सांगितली. सव्वा तास लागला. आकृती काढली होती.

सौ.ने, म्हणजे जनीने, समुद्र आयुष्यात एकदा पाहिला, दादरला, तोही माझ्या मूतखड्याच्या खेपेला टॅक्सीच्या खिडकीतून. लग्नात मी म्हणालो होतो की समुद्राकाठी मुक्कामाला नेईन. त्याला तेवीस वर्षं झाली. मधे तीनदा तयारी पूर्ण झाली होती. पहिल्यांदा मोटरसायकलचं साइडकार, दुसऱ्यांदा घडीचा तंबू, तिसऱ्यांदा काय होतं ते लिहीत नाही.

ती अंगणवाडीत सेविका आहे, सुट्टी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तिच्या बचत गटाच्या बायकाही नेमक्या २० मेलाच मिनीबस करून दिवेआगरला चालल्यात. १० मेपर्यंत नाव द्यायचं आहे. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, मला दोनच गोष्टी पाहिजेत, प्यायला गार पाणी आणि डोक्यावर पंखा. एवढं उन्हावर होत असेल तर बसवाल्यांना नाही सांगते. आणि वर:

"या खेपेला भरवसा ठेवते. परत नाय ठेवायची."

म्हणजे प्रोजेक्टला मंजुरी मिळाली.

१२ एप्रिल
गावात बातमी फुटली. लोक बघायला येतात. लवचिक म्हणजे काय, हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून प्रत्येकाला पॅनेल वाकवून दाखवतो. आज प्रयोग नऊ झाले. आतापर्यंत एकूण एकतीस. शेजारच्या कोंडूकाकांना तर चटईसारखी पूर्ण गुंडाळी करून दाखवली. काका म्हणाले, यावर निजता येईल का रे भगीरथा. नाही म्हणालो, तरी बसून बघितलं त्यांनी.

आमची मुलगी अक्षदा वाशिंदहून रविवारची आली होती. तिथल्या फॅक्टरीत ती क्वालिटीला आहे, त्यामुळे कशातही खोट काढायची सवय. तिने पॅनेलसोबतचं माहितीपत्रक वाचून काढलं. त्यात म्हणे लिहिलंय की पॅनेल टपाच्या गोलाईपुरतं, एकदाच वाकवा. पुन्हापुन्हा वाकवलं तर आतल्या पट्ट्यांना डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा जातात. मी विचारलं, न दिसणाऱ्या चिरा त्यांनी पाहिल्या कशा? तिने माहितीपत्रकाची घडी घालून माझ्या खिशात कोंबली.

माहितीपत्रकं सामान्य गिऱ्हाइकांसाठी असतात.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया
आज सुरू केलेल्या कामाला क्षय नाही. पॅनेल टपावर चिकटवलं. सिलिकॉनच्या चार नळ्या, शहापूरहून मुद्दाम आणलेल्या. कडेपासून कडेपर्यंत सलग थर, कागद सरकवायलाही फट ठेवली नाही.

लडकू खाली उभा राहून हाका मारत होता. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, खालून वारा खेळू द्या, चार पट्ट्या मारून वर उचलून बसवा. मी शांतपणे सांगितलं की खालून वारा शिरला तर ते ताशी साठच्या वेगात पतंग होईल. तो म्हणाला, आपली ओम्नी साठला जाते कधी? अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

दुपारी १२.०५ ला पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या कंट्रोलरवर ६८ वॅट. शंभरातले अडुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. पॅनेल नवीन आहे, रुळायला वेळ लागेल. नव्या नवरीलाही लागतो. (हे सौ.समोर बोललो. बोलायला नको होतं.)

२५ एप्रिल
४९ वॅट.

कारण सापडलं. कोंडूकाकांनी कुंपणापलीकडच्या वाफ्यात राब भाजला. पालापाचोळा, शेण, गवत रचून पेटवलं, ते दिवसभर धुमसत होतं. रोपं जोमदार येतात हे मान्य, पण सगळी काजळी माझ्या टपावर. त्यांना म्हणालो, काका, वाऱ्याची दिशा बघून तरी पेटवायचं. ते म्हणाले, वाफा माझ्या आज्यापासून इथंच हाय, तुझी गाडी मागल्या महिन्यापासून.

मग शिडी लावून स्वच्छता मोहीम. वर पडलेलीच राख, ओला काथ्या, आणि मनगटाचा जोर. आपल्याकडे पितळेचा हंडा याच रीतीने सोन्यासारखा होतो, तर प्लास्टिक कोण लागून गेलं? एक तास दहा मिनिटं घासलं. पॅनेलला मऊ, दुधाळ अशी एक छान झाक आली आहे. पूर्वी डोळ्यावर तिरीप यायची, ती बंद झाली.

धुतल्यानंतर ४१ वॅट. स्वच्छतेचे फायदे लगेच दिसत नसतात.

३ मे
अजब शोध लागला. सकाळी नऊला ३८ वॅट, दुपारी साडेबाराला २९. म्हणजे ऊन वाढलं की वीज घटते. पॅनेल दुपारी विश्रांती घेतं, असा निष्कर्ष काढला आहे. एवढ्या उकाड्यात माणूस काम करत नाही, तर त्याच्याकडून का अपेक्षा करावी? टपाला हात लावून पाहिला. करंगळीला फोड आहे.

पॅनेलला फुगे आलेत. लहान सतरा, मोठे चार, एक पोह्याच्या पापडाएवढा. अक्षदा म्हणाली, असा पीस आमच्या लाइनवर आला तर लाल स्टिकर लावून बाजूला काढतात. तिला समजावलं की लडकू ज्या हवेसाठी पट्ट्या मारा म्हणत होता, ती हवा पॅनेलने आपली आपण आत घेतली. याला तंत्रज्ञान म्हणतात.

इंटरनेटवरच्या एका परदेशी मंचावर कोणी बोटवाले आणि व्हॅनवाले लिहितात की लवचिक पॅनेल दोन-तीन उन्हाळ्यांत निकामी होतं. पाचसहा जणांचा एकच सूर. पण ती थंड देशांतली माणसं. त्यांना ऊन म्हणजे काय ते कुठे माहीत.

१० मे, सकाळी ८.२०
आज बसला नाव द्यायचा शेवटचा दिवस. सौ. अंगणात आली. पदर खोचलेला, हातात फोन. नाव देऊ का नको, एवढंच विचारलं.

मी शब्दांनी नाही, पुराव्याने बोलतो. शिडीवर चढून मल्टिमीटर लावला आणि आकडा तिला वरून दाखवला. वीस पूर्णांक एक व्होल्ट. पहिल्या दिवशी वीस पूर्णांक तीन होते. दीड महिन्यात फक्त दोन दशांशांचा फरक.

लडकू नेमका चहाला आलेला. म्हणाला, "दाजी, व्होल्ट दाखवून काय करता, अँपिअर दाखवा. नळाला जोर हाय, पण पाणी येत नाय, अशातली गत."

मी म्हणालो की ज्याचा जोर शाबूत त्याचं पाणी कधीतरी येणारच. सौ.ने दोघांकडे पाहिलं. मग गटाच्या रविनाला फोन लावून सांगितलं, माझं नाव नको, आमची गाडी तयार आहे.

आमची म्हणाली. लिहून ठेवतो.

दुपारी: २२ वॅट.

१३ मे
चाचणी. धसई ते मुरबाड, सौ.सह. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, थर्मामीटरने तापमान ३१. मुरबाडात काम आटपून चार तासांनी परत आल्यावर ३३. बाहेर ३९ होतं. म्हणजे बाहेरच्यापेक्षा सहा अंश गार. फ्रीजने आपलं काम चोख केलं.

पंखा फिरतो. पाती मोजता येतात, इतक्या सौम्यपणे फिरतो. मुरबाडच्या स्टँडवर सौ.ने गार पाण्याची बाटली विकत घेतली आणि परत येईपर्यंत मांडीवर धरून बसली.

१५ मे
बॅटरी पूर्ण रिकामी दिसते. एक तात्पुरती व्यवस्था केली आहे: स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून वायर, खिडकीतून बाहेर, पेरूच्या मागून, गाडीत चार्जरला. यात फसवणूक नाही. पॅनेलवर एकदम भार येऊ नये म्हणून केलेला आधार आहे. वेलाला काठी देतो तसा.

पंखा आज भरारा फिरला. फ्रीजमध्ये बर्फ जमला. सौ.ला बोलावून दाखवलं. तिने बर्फाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे बघून हसली. असं हसलेली बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. आत जाऊन तिने बॅग काढली.

वायरचं उद्या सांगेन.

१६ मे
सांगायला वेळ झाला नाही. साड्यांच्या घड्या चालल्या होत्या.

१७ मे
मिक्सर लावायला गेली आणि सॉकेटात वायर दिसली. मी टपावर होतो. ती वायर हातात धरून खिडकीपासून पेरूपर्यंत, पेरूपासून गाडीपर्यंत चालत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ही वायर दिवेआगरपर्यंत पुरंल का?"

एवढंच. मी लांबी सांगितली, अठरा मीटर. ती आत गेली.

सायंकाळी पॅनेलच्या मधोमध तपकिरी डाग दिसला, रुपयाच्या नाण्याएवढा. वास येतो, जळक्या पापडाचा. वॅट लिहीत नाही.

१८ मे
दोष पॅनेलचा नाही, सिलिकॉनचा. पूर्ण उचकटून, फुगे दाबून, नव्याने चिकटवायचं ठरवलं. उचकटताना एक कोपरा दुमडला. आतून कर्र असा आवाज आला, चिप्सचं पाकीट दाबल्यासारखा. लवचिकतेची सीमा कळली, हाही अनुभवच.

नवं सिलिकॉन वाळायला अठ्ठेचाळीस तास. सायंकाळी सहाला सुरुवात, म्हणजे २० मेला सायंकाळी सहाला तयार. निघायचं २० ला पहाटे. बारा तासांचा प्रश्न आहे. सौ.ला सुचवलं की आपण २१ ला निघू. हं म्हणाली. तो हं होकाराचा होता असं मी धरून चालतो.

१९ मे
होकाराचा नव्हता. रविनाच्या घरी पाहुणे आले, ती आणि तिची सासू गळाल्या. बसमध्ये दोन सीट रिकाम्या झाल्यात. सौ.ने दोन्ही धरल्या. मला विचारलं, येताय ना? म्हणालो, सिलिकॉन. तिने परत एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी कारणांसकट.

लडकू म्हणाला, दाजी, मी बसतो हितं त्या सिलिकॉनपाशी, तुमी जा. वायरमनच्या हाती प्रोजेक्ट सोपवून जाणारा मी नव्हे.

२० मे, सकाळी ६.१५
बस ५.४५ ची होती, ६.०२ ला आली. सतरा मिनिटं उशीर. मी तेव्हा टपावर होतो, पॅनेल दाबून धरायला भाताची पोती सरळ करत होतो. सौ. बसच्या दारात एक पाय ठेवून थांबली. नवी जांभळी साडी. वर माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ती तरी उभीच. मी वरूनच सांगितलं की परत येशील तेव्हा गार पाणी तयार असेल.

बस गेली. आतल्या बायका काहीतरी गात होत्या.

सायंकाळी ६.००: वाळलं. ऊन उतरलेलं, त्यामुळे आकडा ग्राह्य नाही.

२१ मे
लख्ख ऊन. ० वॅट. तीनदा पाहिलं. कंट्रोलर तपासायला लडकूला बोलावलं. (मीच बोलावलं, हे त्याने गावात सांगू नये असं ठरलंय.) त्याने टपावर चढून एकेक वायर सोडवून पाहिली. मग म्हणाला, दाजी, खाली या, जेवा आधी. त्याच्या बायकोने डबा दिला होता. वालाचं बिरडं. पंख्याखाली बसून जेवलो, घरातल्या.

२२ मे, सायंकाळी ७.१०
सौ.चा फोन आला. आवाजात वारा. गुडघाभर पाण्यात उभं राहून बोलते म्हणाली. काल पहाटे उठून एकटीच वाळूवर बसली होती, ऊन वर येईपर्यंत. लॉजवर पंखा आहे, गार पाणी आहे. मी विचारलं नव्हतं, तिने आपण होऊन सांगितलं.

मी इकडची प्रगती सांगितली. दोष कुठे आहे ते आता जवळजवळ निश्चित झालंय. ती ऐकत होती, किंवा लाट आली होती.

मग मी सहज विचारलं की बसमधली माझी सीट रिकामीच गेली का. नाही म्हणाली. वाटेत कलिंगडं घेतली, ती ठेवली तुमच्या जागेवर. किती, म्हणून विचारलं.

"सात. गुमान बसून आली. सबंध वाटंत एकानं पण काय समजावून नाय सांगितलं."

मागे बायका हसल्या. तीही हसली असावी. कलिंगडात ब्याण्णव टक्के पाणी असतं, म्हणून ती उन्हातही गार राहतात, एवढं मी सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.