दोनशे पर्स आणि आमचं सोनेरी लेबल

३ तारीख, सकाळी
हिचा गुडघा आज बरा. चिरंजीवांचं पोट ताळ्यावर. सूनबाईची सर्दी उतरली. माझं विचारायलाच नको, डोक्यात बिझनेस शिरलाय! परदेशातून दोनशे पर्स मागवल्यात. आपलं लेबल लावायचं आणि सूनबाईच्या नव्या दुकानात मांडायच्या. "बाबा, कायद्याचं बघितलंत ना?" असं तिनं दोनदा विचारलं. बघतो म्हणालो.

४ तारीख
कायद्याचं जाडजूड पुस्तक आणलं. प्रस्तावना वाचली. बरंचसं ठाऊकच होतं. वकिलाची गरज नाही.

९ तारीख
माल आला. झकास! फक्त प्रत्येक पर्सच्या आत एक पांढरी पट्टी शिवलेली, कुठल्या देशात बनली ते सांगणारी. आपण मिरवायचं आणि या पट्टीनं चुगली करायची! मी आणि ही दिवसभर पट्ट्या उसवत बसलो. ही म्हणाली, "अहो, राहू द्या की. तुम्हाला कुठं टोचतेय?" ब्रँडिंग हिच्या गावीही नाही. पट्ट्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

१० तारीख
सोनेरी लेबलं चिकटवली: 'इथेच बनलेलं'. खोटं कुठंय? लेबल इथेच बनलंय.

११ तारीख, दुपारी
दुकानात एका बाईंनी पर्स उलटीपालटी करून विचारलं, कुणी शिवली, कारागीर भेटतील का? सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

१२ तारीख
सूनबाईनं वकीलबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, कारखान्याची लेखी परवानगी घेऊन आपलं नाव लावलं असतंत तर चाललं असतं. पण जी पट्टी ठेवायलाच हवी, नेमकी तीच उसवलीत!" माल जप्त होऊ शकतो. परवाना सूनबाईचा, म्हणजे दुकानावरही गदा. घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्यासाठीच केलंत, ठाऊक आहे. पण विचारत जा हो." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१४ तारीख
सगळा माल घरी आणलाय. लेबलं खरवडतोय. डिंक उत्तम प्रतीचा आणला होता, हीच चूक. नव्या पट्टीवर देशाचं नाव येणार, आणि खाली बारीक अक्षरांत आयातदार म्हणून माझं. वकीलबाई म्हणतात, ते लागतंच. म्हणजे नाव झालं एकदाचं! पर्सच्या आत, अस्तराच्या शिवणीत.
कारखान्याला पत्र टाकलं: "आपल्या पट्ट्या आमच्याकडून अनवधानाने, दिवसभर बसून, उसवल्या गेल्या. कृपया नव्या दोनशे, खाली आमचं नाव घालून, पाठवाव्यात. उत्तर लवकर द्यावे. आमची मंडळी सुईत दोरा ओवून बसली आहेत."