पहिल्या फेरीत नापास

४ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. घरात मोठा निर्णय आला आहे आणि तो मला घ्यायचा आहे. मोठी माणसं अशा वेळी नोंदी ठेवतात.

विषय असा. कन्येला परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीने बोलावलं आहे. पूर्ण स्कॉलरशिप. शिकणं, राहणं, जेवण, विमान, सगळं त्यांचं. विषय दगड. जिऑलॉजी म्हणतात. ही पोर लहानपणापासून रस्त्यावरचे दगड उचलून खिडकीत मांडत आली आणि मी ते हलवा म्हणून ओरडत आलो. आता त्याच दगडांपायी कोणीतरी तिला विमानात बसवायला निघालंय.

युनिव्हर्सिटी नवीकोरी. ही पहिलीच बॅच. तीस तारखेच्या आत होय की नाही ते कळवायचं. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही नीट बघा आणि सांगा, तुमच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. ऐकून बरं वाटलं. या घरात अजून माझ्या शब्दाला वजन आहे.

५ एप्रिल, सोमवार. दुपारी, ऑफिस

मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. माझ्या सहीशिवाय या शहरात लिफ्ट जमीन सोडत नाही. माझी एक पद्धत आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. पहिल्या फेरीत कोणालाही पास करायचं नाही. लिफ्ट लोण्यासारखी चालत असली तरी नाही. चार त्रुटी काढायच्या, 'या स्थितीत परवानगी देता येणार नाही' म्हणायचं आणि पाठ फिरवायची. मग मालक धावत ऑफिसात येतो. साहेब, सगळं दुरुस्त केलं, परत एकदा बघा ना. मग फेरतपासणी, मग सही. पहिल्याच फटक्यात दिलं की माणसाला किंमत राहत नाही.

लाच घेत नाही. कधी चहासुद्धा घेतला नाही. मला फक्त दुसऱ्यांदा विचारलेलं आवडतं.

मेकॅनिक लोकांना हे इतकं पाठ झालंय की मी येणार असलो की लिफ्टमधला एक दिवा ते मुद्दाम काढून ठेवतात. मला शोधायला काहीतरी मिळावं म्हणून. आमच्या मोठ्या साहेबांनी हे सगळ्यांसमोर हसत हसत सांगितलं. मी याला आदर समजतो.

७ एप्रिल, बुधवार

युनिव्हर्सिटीचा अभ्यास सुरू. त्यांच्या वेबसाइटवर इमारतींचे फोटो नाहीत, चित्रं आहेत. हिरवळीवर मुलं बसलीत, तीही चित्रातलीच. निळी सॅक लावलेला एकच मुलगा लायब्ररीसमोर दिसतो, कॅन्टीनमध्ये दिसतो आणि तळ्याकाठीही दिसतो. एवढा उंडारतोय तर अभ्यास कधी करणार? शिवाय उंच टॉवर आहे आणि लिफ्ट कुठे दिसत नाही.

सौ. म्हणाली की तिथल्या प्रोफेसरांची पुस्तकं पोरीने वाचलीत, फार मोठी माणसं आहेत. मी म्हणालो, प्रोफेसर उद्या सोडून जाईल, लिफ्टचा शाफ्ट जाईल का? ती भांडी आवरायला निघून गेली.

९ एप्रिल, शुक्रवार

मेहुण्याचा फोन. अभिनंदन म्हणे. मी म्हणालो, अजून काही ठरलेलं नाही. तो म्हणाला, दाजी, यात ठरवायचं काय आहे? या माणसाचा गीझर दोनदा जळलाय. बघून घेणं म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. संध्याकाळी घरी आलो की कन्या विचारते, आज कोणाला नापास केलंत बाबा? मग मी सांगतो आणि ती हसते. सौ.शी बोलणं होतं, पण ते नळ आणि गॅस. कन्या गेली तर संध्याकाळी कोणाशी बोलायचं? असो. हा मुद्दा निर्णयात धरलेला नाही.

११ एप्रिल, रविवार

पहिली फेरी झाली.

कन्या इस्त्रीचे कपडे घालून आली. स्टुलावर लॅपटॉप. मी चष्मा, फाइल, पेन. चांगला तासभर बोलली. बर्फाखाली दबलेले दगड, त्यांचं वय कसं काढतात, त्यावरून पूर्वीचा पाऊस कसा कळतो. रंगात आली की हिचे कान लाल होतात, शाळेत जायची तेव्हापासून. मला अर्धंअधिक कळलं नाही, पण ऐकतच राहावंसं वाटलं. माझी मुलगी, असं दोनतीनदा मनात आलं. म्हणूनच जास्त कडक राहिलो.

त्रुटी सांगितल्या. पहिली बॅच म्हणजे तुमच्यावर प्रयोग. तिथून शिकून बाहेर पडलेलं एकही माणूस नाही, मग विचारायचं कोणाला? इमारती कागदावर. निळ्या सॅकवाल्याचंही सांगितलं. कन्या त्यावर हसली, मग मी हसत नाही हे बघून थांबली. शेवटी वाक्य म्हटलं. या स्थितीत परवानगी देता येणार नाही. आवाज ऑफिसातलाच लागला.

कन्येने विचारलं, नक्की ना बाबा? मी म्हणालो, नक्की नसलेलं मी आजवर काही बोललोय का? बरं म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

या वाक्यानंतर भलेभले बिल्डर हातापाया पडतात. हिने आवाजसुद्धा चढवला नाही. किती समंजस! आता तयारी करून परत येईल. येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, मी हो म्हणणार. पक्कं. पोरीला आयुष्यभर वाटलं पाहिजे की बाबांकडून मिळवलं.

सौ. म्हणाली, अहो, हे काय करून बसलात? मी गालातल्या गालात हसलो. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून बेत सांगितला नाही. उलट बजावलं की मी सांगेपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही. अर्जदाराने स्वतः यावं. मध्यस्थ मला चालत नाहीत.

१४ एप्रिल, बुधवार

अजून विचारलेलं नाही. आज मुद्दाम टीव्ही बंद करून बाहेरच्या खोलीत एकटा बसलो. तिला सोपं जावं म्हणून. कन्या आली. चार्जर घेतला. गेली.

तयारी जोरात चाललेली दिसते.

१७ एप्रिल, शनिवार

कन्येने नोकरी धरली. फरशा आणि ग्रॅनाइटच्या शोरूममध्ये. सौ.ने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला मात्र लगेच उलगडलं. जाण्याआधी अनुभव! शेवटी ग्रॅनाइट म्हणजे दगडच ना. हुशारी माझ्याकडून आली आहे.

आज कोणाला नापास केलंत हे तिने बऱ्याच दिवसांत विचारलं नाही. दमत असेल.

१९ एप्रिल, सोमवार

बॅग घेतली. मोठी, चाकांची, गडद हिरवी. दुकानदाराला म्हणालो, मुलगी परदेशी चाललीय. त्याने विचारलं, कशासाठी? मग मी सांगितलं. स्कॉलरशिप, पहिली बॅच, बर्फाखालचे दगड, त्यांचं वय कसं काढतात. मला वाटलं त्यापेक्षा बरंच लक्षात राहिलं होतं. तळ्याबद्दल सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, साहेब, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय.

बॅग ऑफिसच्या कपाटात ठेवली. मोठ्या साहेबांनी विचारलं, पळून चाललात की काय?

२१ एप्रिल, बुधवार

खिडकीतले दगड गायब! म्हणजे पॅकिंगला लागली. न विचारताच पॅकिंग, याला आत्मविश्वास म्हणतात. दगड विमानात चालतात का ते बघायला हवं.

२२ एप्रिल, गुरुवार

सकाळी कामावर जाताना दिसलं, वॉचमनने फाटकाजवळच्या कुंड्यांभोवती दगड मांडलेत. ओळखीचे वाटले म्हणून वाकून बघितलं. एकावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं, अक्षर कन्येचं. वॉचमन म्हणाला, ताई टाकून देत होत्या, मीच मागून घेतले.

जास्तीचे असतील. विमानात वजनाची भानगड असते.

२५ एप्रिल, रविवार

आजचा दिवस ठरला होता. दाढी करून सकाळपासून बसलो. कन्येला रविवारची सुट्टी नसते, शोरूमला रविवारीच गर्दी. संध्याकाळी आली, पाय दुखतात म्हणाली, जेवली, झोपली. विचारलं नाही.

न मागता मंजुरी द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून मुदत वाढवून दिली. कोणी मागितली नव्हती, तरी दिली. मी काही दगड नाही.

२६ एप्रिल, सोमवार

भाषण तयार आहे. सुरुवात कडक, मध्ये तिच्या जन्माची गोष्ट, शेवटी परवानगी. आज एका नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटाच होतो, म्हणून मोठ्याने म्हणून पाहिलं. जन्माच्या गोष्टीपाशी आवाज फुटला. नेमकं तेव्हाच दार उघडून एक बाई आत आल्या. सातव्याचं बटण दाबलं आणि चौथ्यावर उतरून गेल्या.

लिफ्ट उत्तम होती. नापास केली.

२७ एप्रिल, मंगळवार

तिला अवघड वाटत असेल, म्हणून जेवताना वाट करून दिली. म्हणालो, तिकडे थंडी फार असते म्हणे. कन्येने विचारलं, कुठे? मी म्हणालो, असंच आपलं, तिकडे. तिने मान हलवली आणि पाणी प्यायली. सौ. ताटातून डोकं वर काढायला तयार नाही. आज काय झालंय या दोघींना?

२८ एप्रिल, बुधवार

पद्धत मोडली. नोकरीत कधी मोडली नाही ती घरात मोडली. बॅग घेऊन आलो, जेवताना कन्येला समोर बसवलं आणि भाषण केलं. परवानगी दिली.

कन्या ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली की तिने पहिल्या फेरीच्याच रविवारी संध्याकाळी नाही म्हणून कळवून टाकलं. यादीत खाली दुसरं कोणीतरी वाट बघत होतं, त्याला उगाच कशाला ताटकळत ठेवायचं.

मी म्हणालो, अगं, तीस तारखेपर्यंत मुदत होती! म्हणाली, तुम्ही नक्की म्हणालात ना, बाबा.

मी तिला पद्धत समजावून सांगितली. पहिला नकार हा नकार नसतो, त्यानंतर परत यायचं असतं. ती म्हणाली, ते लिफ्टवाल्यांचं ना? मला वाटलं, माझ्याशी तुम्ही खरंच बोलताय.

रागावली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. बॅग छान आहे म्हणाली आणि हात धुवायला उठली.

सौ.ला सगळं माहीत होतं. तू का नाही बोललीस विचारलं, तर म्हणाली, विषय काढायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलं होतं. त्या संध्याकाळी पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेव्हा तुम्ही बाहेर बातम्या बघत होतात.

आठवत नाही मला कुठल्या बातम्या.

२९ एप्रिल, गुरुवार

घोडं अजून अडलेलं नाही. ऑफिसातून युनिव्हर्सिटीला मेल केली. वडील या नात्याने. लिहिलं की आमच्याकडे पहिला नकार अंतिम धरत नाहीत, तरी मुलीच्या प्रकरणाचा फेरविचार व्हावा. तासाभरात उत्तर आलं. जागा त्याच आठवड्यात दुसऱ्याला दिली. पूर्ण स्कॉलरशिप फक्त पहिल्या बॅचला होती. आपल्या कन्येचा अर्ज आम्हाला फार आवडला होता. शुभेच्छा.

काम चोख आहे त्यांचं. कबूल करतो. एकाही मुद्द्यावर बोट ठेवता येत नाही.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मोठ्या साहेबांनी दार वाजवलं आणि विचारलं, बरं आहे ना? हो म्हणालो.

३० एप्रिल, शुक्रवार

'नक्की ना बाबा' हे विचारणं फेरतपासणीची मागणी म्हणून धरता येईल का, यावर दिवसभर विचार केला. धरता येणार नाही. एकाच बैठकीत झालं होतं. शिवाय त्रुटी दूर केलेल्या नव्हत्या. तेव्हा चूक माझ्याकडून झाली असं म्हणता येत नाही. घाई तिने केली. इतकी वर्षं माझ्या घरात राहून पोरीला माझी पद्धत कळू नये?

पण ती खरंच म्हणून ऐकत आली. मी जे जे बोललो ते ते. हे मला कळायला हवं होतं.

वरची तीन वाक्यं दमलेलो असताना लिहिली आहेत.

२ मे, रविवार

कन्येला माफ करायचं ठरवलं आहे. पूर्ण मनाने. फक्त तिने आधी येऊन बोलायला हवं, म्हणजे माफ करता येईल. त्यासाठी दिवसभर घरीच थांबलो.

संध्याकाळी शोरूममधून आली. केसांवर दगडाची पांढरी पूड. दारातच थांबली. मी सरळ बसलो. तिने विचारलं, चहा ठेवतेय, तुम्हाला ठेवू का बाबा? मी सवयीने नको म्हणालो. मग दुसऱ्यांदा विचारेल म्हणून पेपर खाली ठेवून वाट बघत बसलो. तिने तिच्यापुरता एक कप केला आणि खोलीत घेऊन गेली.