अभ्यासिकेतली माणसं

मॅडम, तुम्ही मला कधी शाबासकी दिली नाहीत आणि मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. त्यावाचून दोघांचंही काही अडलं नाही. पण आज माझ्या स्वतःच्या ऑफिसात बसून एका बिल्डरशी फोनवर वाद घातला, फोन ठेवला आणि तुमची फार आठवण आली. साकीनाक्याचा तो गाळा आठवला. खाली पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, वर आपली चार कम्प्युटरची खोली, आणि दाराशी चपला काढायला लावणाऱ्या तुम्ही. न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवायच्या, हे आपलं काम. नकाशे यायचे, आपण पडद्यावर इमारत उभी करायची आणि तिच्यातून कॅमेरा फिरवून आणायचा. मी नुकताच आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेलो. माझी एक स्टाइल आहे, असं माझं ठाम मत. संध्याकाळचा तिरपा उजेड, संथ कॅमेरा, लांब सावल्या आणि माणूस एकही नाही. बिल्डरांना हवं असायचं कारंजं, हिरवळ आणि हसणारं कुटुंब. ते मी तोंड वाकडं करून घालायचो, आणि तुम्ही ते तोंड बघूनही काही बोलायचा नाहीत.

तुमच्या खुर्चीमागे तुम्ही पूर्वी हाताने रंगवलेलं एका बंगल्याचं चित्र होतं. त्यातलं आकाश मी नेहमी बघायचो. निळंच होतं, पण आतून ऊन मुरल्यासारखं. एकदा विचारलं तर म्हणालात, "अरे, मी आकाश पिवळं रंगवायचे. तेव्हा तेच आवडायचं मला. मालक म्हणाले, बाई, बंगल्याला आग लागलीय काय? मग त्याच पिवळ्यावर निळं लावलं. त्यांना निळं मिळालं. पण तसं निळं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." एवढं बोलून तुम्ही चहा प्यायला लागलात. मला तेव्हा ती तडजोड वाटली होती.

मग दिंडोशीच्या त्या तिघी आल्या. त्यांच्या वसाहतीच्या जागी नवी इमारत होणार होती आणि तळमजल्यावर एक मोठी जागा सगळ्यांच्या मालकीची राहणार होती. निम्मे लोक म्हणत होते, तिथे दुकानं काढू, भाडं येईल. या तिघींना तिथे अभ्यासिका हवी होती. सकाळी बुद्धवंदना, दिवसभर मुलांचा अभ्यास. घरं एवढीशी, टीव्ही चालू, पोरांनी वाचायचं कुठे? सभेत मतदान होणार होतं, त्याआधी लोकांना ती जागा डोळ्यांनी दाखवायची होती. मी जीव ओतून फिल्म केली. रिकामा हॉल, खिडकीतून आलेला सोनेरी पट्टा, त्यात तरंगणारी धूळ. फिल्म संपली. मग त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "लई सुंदर केलंय दादा. पण हे बंद पडलेलं वाटतंय. आमचं तर अजून सुरूच व्हायचंय."

त्या जिना उतरल्यावर मी म्हणालो, "यांना कळत नाही, मॅडम." तुम्ही तोवर त्यांच्यासमोर मला एका शब्दाने बोलला नव्हतात. आता माझ्याकडे वळून तुमच्या मालवणीत म्हणालात, "त्येंका बरोबर कळला. तुकाच कळूक नाय."

मी रागाने कम्प्युटरवरची तयार माणसं हॉलमध्ये ओतली. ती सगळी परदेशी. कोट घातलेल्या बायका, हातात कॉफीचे कप. तुम्ही पाहिलंत आणि इतक्या हसलात की खोकला लागला. मग फोन उचलून त्या बाईंना सांगितलंत, "रविवारी सगळ्यांना घेऊन या. तुम्हालाच बसवू."

तो रविवार मला अजून दिसतो. जिन्यावर चपलांचा ढीग. वंदनेला जाताना नेसतात तशा पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्यात, मुलं दप्तरं घेऊन आलीत, एक आजोबा इस्त्रीचा सदरा सांभाळत भिंतीला टेकून बसलेत. माणसं नंतर सुटी करून हॉलमध्ये बसवता यावीत म्हणून अंथरलेल्या हिरव्या कापडाची सुरकुती तुम्ही पायाने नीट करताय, मी कॅमेऱ्यामागे. एक आजी दर दोन मिनिटांनी विचारते, "मी कुठं बसले ते दाव की." तिला पडद्यापाशी नेऊन दाखवलं, तर तिने पदर सारखा केला आणि परत जागेवर जाऊन ताठ बसली.

पण ट्यूबलाइटखाली टिपलेली माणसं माझ्या सोनेरी संध्याकाळच्या उजेडात चिकटवल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, जमत नाही, उजेडच वेगळा आहे. तुम्ही म्हणालात, "मगे उजेड बदल. माणसां कशी बदलतलंस?" मी संध्याकाळ काढून टाकली आणि साधी, पांढरी दुपार केली. कॅमेरा तुम्ही स्वतः खाली आणलात, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. त्या तिघींतली एक जण म्हणाली, जरा पळवा ना, फार हळू चाललंय. तेव्हा मात्र तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहिलात. "ते नाही बदलणार. प्रत्येकीला स्वतःला शोधायला वेळ लागतो."

आणि तसंच झालं. वसाहतीच्या पटांगणात चादर बांधून फिल्म लावली. आधी हशा पिकला. "अगं ती बघ, तुझी सासू!" "आपला पिंट्या वाचतोय? नाटक सगळं!" मग हळूहळू सगळे गप्प झाले, कारण कॅमेरा संथ चालला होता आणि प्रत्येक जण आपलं माणूस शोधत होता. तुम्ही पडद्याकडे पाठ करून उभ्या होतात, लोकांचे चेहरे बघत. दुकानांच्या बाजूने जोरात बोलणाऱ्या एका गृहस्थांनी पडद्यावर आपली मुलगी पाहिली आणि सभेत हात वर केला तो अभ्यासिकेसाठी. ठराव झाला. परत येताना रिक्षात मी वाट बघत होतो, तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "आजोबांची सावली चुकलीय. उद्या बघ."

इमारत उभी राहायच्या आत तुम्ही गेलात. आजारपण तुम्ही कुणाला फारसं कळू दिलं नाहीत. शेवटच्या महिन्यातही उशीला टेकून लॅपटॉपवर आमची कामं तपासत होतात. मी आज कुठलंही काम घेतो तेव्हा पहिल्यांदा विचारतो, इथे कोण कोण येणार? ही सवय तुमची आहे, आणि माझ्या कामात जे काही माझं म्हणून ओळखलं जातं, ते या प्रश्नानंतरच आलेलं आहे. त्या निळ्या आकाशाला मी तडजोड समजलो होतो, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला बहुतेक माहीत होतं.

हे पत्र इथेच, कम्प्युटरमध्ये राहील. पण एक गोष्ट सांगून टाकतो. गेल्या रविवारी दिंडोशीला त्या अभ्यासिकेत गेलो होतो. परीक्षा संपलेल्या, त्यामुळे आत कुणी नव्हतं. संध्याकाळ होत आली होती आणि पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा तोच लांब सोनेरी पट्टा फरशीवर पडला होता. मी भिंतीला टेकून बसून राहिलो. तेवढ्यात एक मुलगी दप्तर घेऊन आली आणि बटणांपाशी थांबून म्हणाली, "काका, लाइट लावू ना?" मी लगेच "लाव, लाव" म्हटलं. खरं सांगतो मॅडम, ती अजून पाच मिनिटं उशिरा आली असती तर मला चाललं असतं.